टॅपेट कव्हर कुणी उघडलं?

मिस्त्रीचा राग नाकावर असतो हे त्या रस्त्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या दिवशी सकाळी तो नाकावर थांबला नाही. खडीवाल्याच्या ट्रकांपैकी चार नंबरची गाडी गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. ड्रायव्हर खाली उतरला आणि चार माणसांच्या देखत म्हणाला, "मिस्त्री, तुमचं कव्हर गळतंय."

तीस वर्षांत हे वाक्य मिस्त्रीला कुणी ऐकवलं नव्हतं.

टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं लांबट झाकण. त्याच्याखाली एका दांड्यावर बारा रॉकर बसलेले असतात आणि इंजिन चालू असलं की एकेक जण मान हलवून आपापला व्हॉल्व्ह दाबत राहतो. सगळा कारभार तेलात चाललेला. झाकण नीट बसलं नाही तर ते तेल झिरपून सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपावर पडतं, धूर निघतो आणि नशीब फिरलं तर गाडी पेटतेही. चार नंबरमधून चढणीवर असाच धूर निघाला होता. ड्रायव्हरने भरलेली गाडी कडेला घेऊन तासभर थंड केली आणि जपून जपून परत आणली. मालकाचा निरोपही त्याने जसाच्या तसा पोचवला: गळती आज बंद झाली नाही तर राहिलेल्या दोन गाड्या समोरच्याकडे जातील.

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडच्या गॅरेजचा मालक. त्याला नाव होतं, पण मिस्त्रीने ते वीस वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले, एकाच डब्यातलं जेवले, आणि उस्ताद गेल्यावर त्याची हत्यारं कुणी ठेवायची यावरून जे फाटलं ते शिवलं गेलंच नाही. आपल्या हातची गाडी समोरच्याच्या दारात उभी राहिलेली बघण्यापेक्षा मिस्त्रीने दुकानाला आग लावली असती.

आणि हे काम तर त्याच्या जिवाचं होतं. खडीवाल्याच्या सहा जुन्या गाड्या, सगळ्यांचे रॉकर झिजून खटखट करणारे. ते काढून टोकाला छोटा रोलर असलेले नवे, मजबूत रॉकर बसवायचे होते. नवे अंमळ उंच निघाले. मूळ कव्हर त्यांच्यावर बसेना, आतून घासायला लागलं. दुसऱ्या कुणी कव्हर हातोडीने ठोकून फुगवलं असतं आणि हात झटकले असते. मिस्त्रीने अॅल्युमिनियमची बोटभर जाडीची चौकट कापली, कव्हराखाली ती ठेवली, तेल अडवायला चौकटीच्या खाली एक पॅकिंग आणि वर एक. दोन्ही कोरडी. सिलिकॉनचा ठिपका फक्त चार कोपऱ्यांना. ज्याला काम येत नाही तो सिलिकॉन थापतो, हे त्याचं ठरलेलं बोलणं. त्याच्या लेकीने ते इतक्यांदा ऐकलं होतं की त्याने नुसता घसा खाकरला तरी तिला कळायचं की आता सिलिकॉन येणार.

त्याने बॉनेट उघडलं, कव्हर काढलं आणि बघतच राहिला. वरच्या पॅकिंगला सगळ्या कडेने सिलिकॉन फासलेलं होतं. एका कोपऱ्याजवळ ते तुटलं होतं आणि तेल तिथूनच वाहिलं होतं. असलं काम त्याने उभ्या जन्मात केलं नव्हतं. म्हणजे त्याने बसवलेलं कव्हर मागाहून कुणीतरी उघडलं होतं, जुनंच पॅकिंग परत ठेवलं होतं आणि चोरी झाकायला वरून लेप दिला होता. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणखी काय काय नासवलंय ते बघायला तो खालच्या पाइपावर हात टेकून आत वाकला.

ड्रायव्हरने त्याचं मनगट धरून त्याला मागे खेचलं. पाइप अजून तापलेला होता. मिस्त्रीच्या बोटांच्या टोकांची कातडी पांढरी पडली होती. त्याने हात सोडवून घेतला आणि उलट ड्रायव्हरलाच झापलं की इंजिन माझं, हात माझा, तू तिकडे जाऊन चहा पी. चटका नाही का बसला, असं ड्रायव्हरने विचारलं. मिस्त्रीने हात खिशात घातला. चटका त्याला कळलाच नव्हता. रक्तातल्या साखरेने बोटं बधिर होत चालली आहेत, असं वर्षापूर्वी डॉक्टरने लिहून दिलं होतं, आणि तो कागद त्याने दवाखान्याच्या पायरीवरच फाडून टाकला होता.

लेक मागच्या बाजूला डिझेलच्या ट्रेमध्ये नटबोल्ट धूत बसली होती. तिशीची बाई, इंजिनाचा कोर्स पहिल्या नंबराने पास झालेली, आणि गेली पाच वर्षं बापाच्या दुकानात नटबोल्ट धूत होती. उघड्या इंजिनाला हात लावायची तिला परवानगी नव्हती. ती हात पुसत पुढे आली आणि काहीतरी सांगायला लागली. मिस्त्रीने तिच्याकडे न बघताच सांगितलं की तुझं काम कर. आणि तो तडक रस्ता ओलांडून गेला.

समोरच्याच्या दारात उभं राहून त्याने जे तोंड सोडलं ते ऐकायला रस्ता थांबला. माझ्या गाड्यांची कव्हरं उघडतोस, माझी कामं नासवतोस, उस्तादाची हत्यारं पचली तशी खडीवाल्याची गाडी पचेल असं वाटलं का तुला, असं पुष्कळ काही. उस्तादाच्या आत्म्यालाही त्याने मध्ये ओढलं. समोरचा एक चाक खोलत बसला होता. त्याने शेवटचा नट काढला, डबीत टाकला आणि मग मान वर केली.

"माझं दुकान तुझ्या दुकानाच्या समोर आहे," तो म्हणाला. "दुपारी जेवून तू आत पडतोस. तेव्हा तुझ्या दुकानात काय चालतं ते मला इथून रोज दिसतं. मी कुणाला बोललो नाही, तुलाही सांगणार नाही. घरच्यांना विचार."

बघ्यांपैकी कुणीतरी हसलं. मिस्त्री परत फिरला तेव्हा राग तसाच होता, फक्त तो आता कुणावर काढायचा ते त्याला कळेना.

लेक इंजिनापाशीच उभी होती. त्याने विचारण्याआधी तिनेच सांगितलं. "कव्हर मी उघडलं, बाबा."

का, एवढंच त्याने विचारलं.

"पाच टॅपेट जाम होते. तशीच गाडी सोडली असती तर महिन्याभरात व्हॉल्व्ह जळाले असते."

रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये केसाएवढं अंतर ठेवावं लागतं. ते अंतर ठेवणं म्हणजेच टॅपेट लावणं. अंतर कमी पडलं की टॅपेट जाम, मग व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो. त्यासाठी पोलादाची पातळ पाती मध्ये सरकवतात आणि ओढून बघतात. पाती किंचित अडायला हवी, जास्त नाही, कमी नाही. ते अडणं डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाच कळतं. जुने रॉकर गरीब होते, थोडं मागेपुढे झालं तरी कुरकुरत दिवस काढायचे. नव्यांना अंतर निम्मं लागायचं आणि चूक त्यांना खपत नव्हती.

"मी लावलेले टॅपेट जाम होते?"

"हो."

"आणि आधीच्या तीन गाड्यांचे?"

लेक पुसलेलेच हात फडक्याने परत पुसायला लागली, आणि त्यातच सगळं आलं. दुसरी गाडी झाली तेव्हा खडीवाला स्वतः आला होता. इंजिनाचा आवाज ऐकून त्याने मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली होती आणि म्हणाला होता की या हाताला तोड नाही. मिस्त्रीने ती गोष्ट आठ दिवस रोज जेवताना सांगितली होती. लेक त्याच्या समोर बसून जेवत होती, आणि एकदाही तिने ताटातून मान वर केली नव्हती.

एवढं सगळं पोटात गेल्यावर माणूस जिथे पाय टेकेल तिथे टेकतो. मिस्त्रीने पॅकिंगचा मुद्दा धरला. उघडलंस तर नवं पॅकिंग का नाही घातलंस, जुनं पॅकिंग दुसऱ्यांदा बसत नाही हे कोर्सात शिकवलं नाही का, सिलिकॉन थापलंस, गाडी पेटली असती, माणूस मेला असता, असं तो ओरडत सुटला. बोलला त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता.

लेकीचाही तोल गेला. आवाज तिने वाढवला नाही, पण हातातलं फडकं जमिनीवर फेकलं. "पॅकिंग कपाटात असतात, कपाटाला कुलूप असतं, आणि किल्ली तुमच्या कमरेला असते. तीन वेळा सिलिकॉननं धरलं, चौथ्यांदा नाही धरलं. गाडी पेटली असती, तो दोष माझा, मी घेते. पण वर्षभर तुमचं काम झाल्यावर तेच काम मी परत करतेय, तुम्ही उठायच्या आत. आणि तुम्ही उठलात की मला म्हणता, नट नीट धू."

ड्रायव्हर चहाचा पेला घेऊन तिथेच उभा होता. जावं की थांबावं हे न कळल्याने तो थांबला.

मिस्त्री म्हणाला की इंजिन थंड होऊ दे, मग बघू कुणाचा हात कसा आहे ते. तो दुपारचा आत जाऊन पडला नाही. लाकडी पेटीवर बसून राहिला. जेवायला बोलावणं आलं ते त्याने परत पाठवलं.

तीन वाजता सकाळचे बघे पुन्हा दारात जमले असताना त्याने पाती घेतली, इंजिन हाताने फिरवून पहिला टॅपेट सैल केला आणि नव्याने लावला, पाती दोनदा ओढून बघितली आणि नट आवळला. आयुष्यात कधी लावला नसेल एवढा जपून लावला. मग बाजूला झाला आणि लेकीला म्हणाला, बघ.

तिने पाती सरकवली, ओढली. "बरोबर आहे," ती म्हणाली.

हे ती फार लवकर म्हणाली. मिस्त्रीने तिच्याकडे बघितलं, तर ती पातीकडे बघत होती. त्याने पाती तिच्या हातातून घेतली आणि पुन्हा स्वतः ओढून पाहिली. पाती आत गेली, बाहेर आली. अडली की नाही, किती अडली, काही कळलं नाही. लेक खरं बोलतेय की खोटं, हे त्याच्या हातात धरलेलं होतं आणि त्याला ते ओळखता येत नव्हतं. त्याला स्वतःच्या बोटांचा असा संताप आला की ती बॉनेटवर आपटावीशी वाटली.

तो दारात गेला आणि रस्त्यापलीकडे बघून त्याने हाक मारली. उस्ताद मारायचा त्या जुन्या नावाने मारली. समोरचा आला. सकाळच्या शिव्या अजून ताज्या होत्या, तरी आला, कारण ही हाक वीस वर्षांनी आली होती. त्याच्यामागून दारातले बघेही आत सरकले. मिस्त्रीने पाती पुढे केली.

समोरच्याने ती एकदाच ओढली. "जाम आहे," तो म्हणाला. "आणि हे पोरीला माहीत आहे."

मिस्त्री लेकीकडे वळला. "मग बरोबर का म्हणालीस?"

"एवढी माणसं होती म्हणून."

"माणसं गेली खड्ड्यात. इंजिन बघून बोलायचं, माणसं बघून नाही." पुढे त्याचा आवाज चिरकला, म्हणून तो आणखी मोठ्याने ओरडला, "जाम आहे तर जाम आहे म्हण. मला म्हण. माझ्या तोंडावर म्हण."

लेकीने मान वर केली. तिचे डोळे भरले होते, पण नजर हलली नाही. "जाम आहे, बाबा. तुमच्या हाताला आता कळत नाही."

मिस्त्रीने हातातला पाना तिच्या हातात आपटल्यासारखा ठेवला. मग कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं, नवी पॅकिंग काढून टेबलावर टाकली आणि तिच्या उजव्या खांद्याशी येऊन उभा राहिला. त्याने ठरवलं होतं, एक चूक दिसू दे, पाना परत घेतो. पाती वाकडी जाऊ दे, नट आवळताना स्क्रू फिरू दे, काहीही. लेक एकेक टॅपेट लावत गेली. बाराही झाले. मग चौकट, पॅकिंग, कव्हर. पॅकिंग कोरडं, सिलिकॉन फक्त कोपऱ्यांना, बोल्ट मधल्यापासून दोन्ही टोकांकडे, अगदी त्याच्यासारखे. तासभर तो टपून उभा होता आणि त्याला एकही चूक मिळाली नाही. सकाळपासून तो ज्या ज्या गोष्टीवर चिडला होता, त्या सगळ्यांपेक्षा जास्त तो याच्यावर चिडला.

गाडी सुरू केली. इंजिन एका लयीत चाललं. ड्रायव्हर अर्धा तास टॉर्च मारून कव्हराची कड बघत राहिला. कड कोरडीच राहिली. समोरचा आपल्या दुकानात परत गेला. ड्रायव्हर वर चढला, दार लावलं आणि सवयीने मिस्त्रीलाच विचारता झाला की आता चढणीला गळणार नाही ना.

"मला काय विचारतोस?" मिस्त्री त्याच्या अंगावर खेकसला. "बसवलंय तिनं. तिला विचार."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि तिला विचारलं.