पाच ओव्यांचा दम

पाच ओव्या म्हणजे व्यंकटीचा एक दम. चांगुणेनं हे माप लग्नानंतर पहिल्याच साली धरलं होतं. नवरा बुडी मारायचा, ती काठावर दोर धरून ओवी धरायची. पाचवी सरता सरता पाण्यातून त्याचं डोकं वर यायचं. सहावीला ती दोर ताणायची. सातवी तिनं कधी म्हटलीच नव्हती. तशी वेळच आली नव्हती.

त्या वर्षी उदगीरला पाणी पाजणारं धरण पार तळाला गेलं. लातूर नवा जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. पाणबुडे मागवायचे तर जुने कागद एका गावात, नवे साहेब दुसऱ्या गावात. आणि काठच्या ज्या विहिरीतून नळाला पाणी चढायचं, तिच्यात पाणी घेणाऱ्या तोंडाची जाळी उरल्या डोहात चार पुरुष पाण्याखाली गच्च बुजलेली. ओव्हरसियर अनंतरावांनी हिशेब सांगितला, "विहिरीत दहा दिवस पुरेल एवढंच पाणी आहे. पुढं नळ कोरडे."

तोवर व्यंकटीच दिवसाला वीस बुड्या मारी. पण खाली अंधार, हाताला नुसता गाळ, आणि काहीतरी दगडासारखं घट्ट. पाच ओव्यांत तो तिथवर पोचायचा, चाचपायचा आणि परतायचा.

म्हणून उदगीरच्या भीमनगरातला निवृत्ती आला. नांदेडच्या गिरणीत जळक्या मोटारींत नवी तार भरायला शिकलेला, आता स्वतःचं वायंडिंगचं दुकान. व्यंकटीची जोडहोडी, म्हणजे दोन लांब होड्या शेजारी ठेवून वर फळ्या ठोकलेली, त्यानं चारदा फिरून बघितली. मग एका होडीत पंक्चरवाल्याचा हवा भरायचा डिझेलपंप बसवला, रबरी नळी जोडली, आणि तिचं टोक व्यंकटीच्या तोंडावरच्या मुखवट्यात सोडलं.

त्या दिवशी होडीच्या फळ्यांवर बसून चांगुणा पहिल्यांदा सातवी ओवी म्हणाली. मग आठवी. दहावी. तिला नवल वाटत होतं. तेवढ्यात वारं फिरलं, होडी फिरली, आणि इंजिनाचा धूर जिथून पंप हवा ओढत होता तिथंच घोटाळू लागला. चौदाव्या ओवीला तिच्या हातातला दोर सैल पडला. तिनं ओढला. व्यंकटी वर आला तो तोंड लालबुंद, डोळे फिरलेले. काठावर ओकला आणि संध्याकाळपर्यंत डोकं धरून पडून राहिला.

निवृत्ती तिच्यापुढं उभा राहिला. "अक्का, चूक माझी हाय. वारं फिरतंय हे ध्यानातच घेतलं न्हाई मी."

"पुन्हा उतरणार न्हाईत ते," चांगुणा म्हणाली. "गाव तहानंनं मरू दे न्हाईतर राहू दे."

दुसऱ्या दिवशी डिझेलपंप उतरवून निवृत्तीनं काठावर ठेवला आणि बाभळीखाली बसून नव्यानं सुरुवात केली.

चांगुणा रागानंच बघत होती. पण बघत होती. भंगारातल्या जीपचा डायनॅमो त्यानं उघडला, जुनी जळकी तार काढली, नवी तांब्याची तार वेढ्यावर वेढा भरत गेला. लेकीची वेणी घालावी तसा, ना सैल ना ताठ. एक वेढा चुकला तर दहा उलगडून पुन्हा भरायचा. डायनॅमोची मोटर झाली. तिला धूर नव्हता. डावीकडच्या होडीत ट्रॅक्टरच्या चार बॅटऱ्या, उजवीकडच्या होडीत मोटर आणि हवेचा पंप, दोन्हींचा भार सारखा. यंत्राच्या तेलाची वाफ छातीत जाऊ नये म्हणून पंपातलं तेल काढून त्यानं खोबरेल घातलं.

"पाण्यात शिरून बी डोक्याला तेल लावायचं का मला?" पडल्या पडल्या व्यंकटी म्हणाला. चांगुणेला हसू आलं, ते तिनं पदरात लपवलं.

हवा घ्यायचं तोंड निवृत्तीनं उंच वेळूच्या टोकाला बांधलं. मध्ये एक लोखंडी टाकी बसवली. मोटर बंद पडली तरी टाकीत वर येण्यापुरता वारा शिल्लक. ट्रॅक्टरचा दिवा काचेच्या बरणीत घालून तोंड डांबरानं बुजवलं. कमरेच्या पट्ट्याला सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळलेलं बटण: खाली दाबलं की वर घंटी वाजणार. एक वाजली तर बरं चाललंय, दोन वाजल्या तर ओढा.

पाचव्या दिवशी अनंतराव आले. "झालं का, निवृत्ती? आता व्यंकटीला..."

"आधी मी, सायब."

"तुला पोहता येतं का?"

"न्हाई. आमच्याकडं पाणी कुठं होतं पोहायला?"

त्यानं मुखवटा चढवला, दोर कमरेला बांधला आणि दुसरं टोक चांगुणेपुढं धरलं. "तुमच्याच हातात देतोय, अक्का."

तिनं होडीवर बसून दोर घेतला. तो पाण्यात शिरला. पाच ओव्या झाल्या. घंटी वाजली, एक. दहा झाल्या. एक. वीस ओव्यांनंतर दोन वाजल्या. वर आला तेव्हा दातावर दात आपटत होते. "लई गार हाय खाली," म्हणाला. "पण वारा निर्मळ हाय."

चांगुणेनं त्याच्या अंगावर घोंगडी टाकली. मग नवऱ्याकडं वळली. "आता तुमी उतरा."

व्यंकटी उतरला. गढूळ पाण्यात पिवळा उजेड खोल खोल गेला. चांगुणेनं माहेराच्या ओव्या म्हटल्या, भावाच्या म्हटल्या, लेकराच्या म्हटल्या. घंटी अधूनमधून वाजे, एक. ओव्या सरल्या तरी दिवा खालीच. रिकाम्या तोंडानं दोर धरणं तिला जमेना. मग तिनं नवी रचली:

*चार पुरुष पाण्याखाली दिवा उजळे पिवळा*
*निवरती भावानं गं वारा धाडला मोकळा*

दोनदा घंटी वाजली.

"दगड न्हवं," वर आल्या आल्या व्यंकटी म्हणाला. "बैलगाडीचं चाक हाय. धरणात बुडाल्या शिवारातलं. डोळ्यानं बघितलं, दोर बांधून आलो." सगळ्यांनी मिळून दोर खेचला. चाक जाळीतून सुटलं, त्याच्यामागं गाळ ढासळला, आणि काठच्या विहिरीत पाण्याचा घळघळ आवाज घुमला. अनंतराव विहिरीत वाकून नुसते ऐकत राहिले.

व्यंकटी अंग पुसत म्हणाला, "अगं, तुझ्या ओव्यांनी होडीचं लाकूड घुमत होतं, खालवर ऐकू येत होतं. शेवटची कोणती म्हणलीस? कधी ऐकली न्हाई."

निवृत्ती तारा गुंडाळत शेजारीच होता. चांगुणेनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"तुमी खाली असताना म्हणायची हाय ती," ती म्हणाली. मग निवृत्तीकडं न बघता, "भाऊ, अर्धी जाळी बाकी हाय म्हणं. बॅटऱ्या भरून आण. सकाळच्याला उतरतील हे."