खट् करणाऱ्या टेबलाची लाज

मित्रांनो, आत येऊन चपला काढायला तुम्ही ज्याच्यावर टेकलात, तो बाक नव्हे बरं का. मी एक जुने टेबल आहे, मणक्यांवर उपचार करायचे टेबल. बाक म्हटल्याचा मला राग येत नाही. पूर्वी आला असता. पूर्वी मला फार मान होता, आणि मानापेक्षा घमेंड जास्त होती.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वेल्डरने सांगाडा जोडला आणि गादीवाल्याने वर तपकिरी रेक्झिन ताणून बसवले. डोक्याच्या बाजूला त्याने एक लांबट भोक ठेवले. पालथे झोपणाऱ्याने त्यात तोंड घालायचे, म्हणजे मान वाकडी होत नाही. खालून पाहिले तर साहेब काय नि हमाल काय, सगळ्यांचे गाल सारखेच लोंबतात. पण माझी खरी ऐट होती कमरेखालच्या फळीत. ती बोटभर वर उचलून अडकवता येई. वरून हाताचा नेमका दाब पडला की ती सुटून खाली बसे आणि आवाज होई, खट्! तिच्यामुळे हाताला जोर कमी लावावा लागे, एवढेच तिचे काम. आवाज निव्वळ लोखंडाचा होता, पण लोकांना वाटे, आपले हाड जागेवर बसले.

माझी पहिली नोकरी एका कॉलेजात होती. तिथे कायरोप्रॅक्टर घडत, म्हणजे हातांनी पाठीचे नि मानेचे दुखणे हलके करणारे. मुले एकमेकांवरच शिकत. एकाने पालथे पडायचे, दुसऱ्याने बोटांनी मणके चाचपायचे आणि बाकीच्यांनी हसायचे. त्यांच्या मास्तरांना मुले ताठ सर म्हणत, कारण ते उठता-बसता "ताठ बसा" म्हणून ओरडत. स्वतः मात्र पोक काढून चालत. एखाद्याने जास्त जोर लावला की म्हणत, "अरे, कणीक मळतोयस का? जोर नको, चपळाई हवी."

त्या वर्गात एक मुलगी होती. सुरुवातीला तिचा दाब नेमका पडत नसे. इतर घरी गेल्यावरही ती स्पंजच्या ठोकळ्यावर सराव करत राही, मनगटे भरून येईपर्यंत. ताठ सर तिच्यावर खूश होते. एकदा त्यांनी सगळ्यांना माझ्याभोवती उभे करून बजावले, "दुखणं दोन्ही पायांत उतरलं, बसायची जागा बधिर झाली, लघवीचा ताबा सुटला, की हात लावायचा नाही. पाठीच्या तळाशी नसांचा जुडगा असतो, तो दाबला गेलेला असू शकतो. तडक हॉस्पिटल! आणि हे सगळं पेशंटला विचारायचं. लाजायचं नाही."

मुले खाली मान घालून खुसुखुसु हसली. ती मुलगीही हसली.

पुढे कॉलेजने नवी टेबले घेतली, तेव्हा तिने मला मागून घेतले. आता ती डॉक्टरताई झाली होती. तिचा दोन खोल्यांचा दवाखाना आणि त्यात मी! लोक येत, कण्हत पालथे पडत आणि बरेच जण हसत उठत. ताई त्यांना व्यायाम शिकवी, कसे बसावे, ओझे कसे उचलावे ते दाखवी. ते कोणाच्या लक्षात राहत नसे. लक्षात राही ते माझे खट्. "आवाज टेबलाचा आहे हो," ताई जीव तोडून सांगे. "ताईंना बाई गर्व म्हणून नाही," असे म्हणत लोक निघून जात. एखाद्या दिवशी मी वाजले नाही, तर काही जणांचे तोंड उतरे. आणि मी? मी फुशारून जाई. फुकटचे श्रेय कोणाला नको असते?

ताईचे मामा रंगारी होते. दिवसभर शिडीवर उभे राहून ते लोकांची छते रंगवत. लहानपणी त्यांनीच ताईला खांद्यावर बसवून छताला हात लावू दिला होता. रंगाचा डबा उचलताना एकदा त्यांच्या कमरेत लचक भरली, तेव्हा ताईने त्यांना बरे केले. झाले! तेव्हापासून मामा गावभर सांगत सुटले, "माझ्या भाचीचं टेबल म्हणजे टेबल! एक खट्, की माणूस घोडा."

मग एका दुपारी मामा भिंतीला धरत धरत आले. कळ दोन्ही मांड्यांतून खाली उतरत होती.

"तुझी मामी म्हणते हॉस्पिटलात जा," ते हसत म्हणाले. "म्हटलं, घरचं टेबल असताना हॉस्पिटल कशाला?"

ताईचा चेहरा गंभीर झाला. विचारायचे काय ते तिला पाठ होते. पण समोर मामा होते. ती वळली, कपाट उघडून टॉवेल शोधू लागली आणि पाठमोरीच पुटपुटली, "मामा, ते... बाथरूमचं वगैरे सगळं ठीक ना? बसताना बधिर वगैरे?"

"छे, छे! काहीतरीच काय!" मामा भिंतीकडे बघत म्हणाले.

कानाची पाळी लाल झालेली मला दिसत होती, मामांचीही आणि ताईचीही. खरे तर दुखणे दोन्ही पायांत उतरले होते, तेवढेच पुरे होते. पण मामांना घाई होती, आणि "नाही" ऐकून ताईलाही सुटल्यासारखे झाले. तिने हलकेच दाब दिला. मी वाजले. "वा!" मामा म्हणाले. ते भाचीचे मन राखायला म्हणाले, हे त्यांच्या आवळलेल्या जबड्यावरून मला कळले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आधीच मामा पायरीवर बसलेले होते. ताईने त्यांना आधार देऊन माझ्यावर पालथे झोपवले, आणि थोड्याच वेळात माझ्या रेक्झिनवर ओल पसरली. मामांना ते कळलेच नव्हते. ताईला कळले. तिचे हात त्यांच्या पाठीवर होते, ते तिने उचलले.

मामांनी भोकातून तोंड काढून, मान वळवून तिची नजर कुठे आहे ते पाहिले. "घाम आहे गं," ते घाईने म्हणाले आणि खिशातून रुमाल काढू लागले.

ताईने दार लावले आणि ती माझ्या डोक्याशी जमिनीवर बसली. "मामा, वर बघू नका. तोंड परत खाली घाला आणि मला सगळं सांगा. मी इथंच आहे."

मग माझ्या त्या भोकातून मामा फरशीशी बोलू लागले. "परवा रात्रीपासून... बसलो तर बुडाखाली खुर्ची आहे की नाही, समजत नाही गं. बाथरूममध्ये उभा राहतो, होत नाही, आणि मग नको तेव्हा होतं. मामीला नाही सांगितलं. तुला कसं सांगू, पोरी? तुझी लंगोटी मी बदललीय."

त्यांचे नाक माझ्या कडेवर गळत होते. मला इतकी लाज वाटली की काय सांगू! हा माणूस माझ्या आवाजाच्या भरवशावर आला होता, आणि माझ्यात भरवसा ठेवावा असे काय होते? एक खिटी आणि एक फळी.

ताईने गाडी बोलावली. त्याच दिवशी ऑपरेशन झाले. आपल्या दाबाने जास्त बिघडले का, असे तिने सर्जनना विचारले. ते म्हणाले, "ते सांगता येणार नाही. पण ते काल आले असते तर बरं झालं असतं."

परत आल्यावर ताईने पाना घेऊन माझी फळी बोल्टांनी पक्की आवळून टाकली आणि मला बाहेरच्या खोलीत आणून ठेवले. मला वाईट वाटले नाही. वाजण्याची हौस माझी मलाच उरली नव्हती.

कितीतरी आठवड्यांनी मामा काठी टेकत आले. डावा पाय ओढत होता. शिडी कायमची सुटली. ते माझ्यावर बसले आणि ताईला म्हणाले, "तोंड का लपवतेस? तू विचारलं होतंस. खोटं मी बोललो."

"मी कपाटाला विचारलं, मामा," ताई म्हणाली. "तुम्हाला विचारलंच नाही." आणि ती माझ्या कडेला टेकून लहान मुलीसारखी रडली. मामा तिच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले.

आता ताई आत बसून प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून विचारते. मग तो म्हातारा असो, पोरगेला असो, की स्वतःचा सासरा. मला बाहेर ऐकू येते.

मित्रांनो, तुम्ही हात-पाय धुता, दात घासता, ही शरीराची काळजीच आहे. पण जे सांगायला जीभ अडखळते, तेही वेळेवर सांगणे हीसुद्धा काळजीच. आईला सांगा, मास्तरांना सांगा, डॉक्टरांना सांगा. अगदीच जमले नाही तर खाली मान घालून सांगा, पण सांगा.

मामा अजूनही अधूनमधून येतात, भाचीशी गप्पा मारतात. निघताना उठले की कोणाचे लक्ष नाही असे बघून ते मागे वळतात आणि बसल्या जागेवरून हळूच हात फिरवून पाहतात. कोरडे आहे, मामा. मला बोलता येत नाही, नाहीतर मी दर वेळी सांगितले असते. कोरडे आहे, निघा तुम्ही.