आधी फोन, मग उरलेली दाढी

मित्रांनो, माझ्या मांडीवर आपल्या लोकांच्या तीन पिढ्यांची डोकी भादरली गेली आहेत. मी सलूनमधली जुनी खुर्ची. वळताना कुरकुरते, पण मालकांचा माझ्यावर भारी जीव. या परक्या गावात आपली माणसे मूठभर. मन मोकळे करायला ती इथेच येतात.

मालकांची लेक माझ्यावर गिरक्या घेत वाढली. आता तिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. डॉक्टर म्हणाले, "जुळणारे मूत्रपिंड तुमच्याच लोकांकडून मिळण्याची शक्यता जास्त. पण तुमच्यात देणारेच कमी." तेव्हापासून मालक आरशाखाली मरणोत्तर अवयवदानाचे अर्ज ठेवू लागले.

पहिला अर्ज शेजारच्या शिंप्याने भरला. पण मरणाबद्दल घरी चकार शब्द काढायचा नाही, ही आपली खोड! गेल्या वर्षी तो अपघातात गेला. दवाखान्यात विचारले तेव्हा त्याची बायको रडत म्हणाली, "आम्हाला ते काहीच बोलले नव्हते हो." घरच्यांच्या होकाराशिवाय अवयव घेत नाहीत, आणि तिने नकार दिला. तिला तरी काय दोष द्यायचा? त्याने द्यायचे ठरवलेले सगळे त्याच्याबरोबरच गेले. मला फार वाईट वाटले.

मालकांनी मग नियमच केला. सही केली की इथे बसूनच घरी फोन करायचा, मगच उरलेली दाढी.

परवा अध्यक्ष आले. कसले अध्यक्ष, ते कोणालाच ठाऊक नाही. पण त्यांनी होकार दिला की दहा घरे होकार देतात.

अर्धी दाढी झाल्यावर मालकांनी अर्ज पुढे केला. "मी आलो तसा जाणार," ते गुरगुरले.

"आलात तसे? काका, जन्मताना कवळी होती? गुडघा स्टीलचा होता?" मालकांनी विचारले.

अध्यक्ष खो खो हसले. तेवढ्यात आरशात त्यांना कोपऱ्यात बसलेली लेक दिसली. तिचा चेहरा सुजला होता. 

"आण ते पेन," ते म्हणाले.

सही करून, अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून त्यांनी काकूंना फोन लावला.

"अगं, रागावू नकोस. मी अवयवदानाचा अर्ज भरलाय."

 काकू म्हणाल्या, "अहो, मी चार वर्षांपूर्वीच भरलाय. तुम्ही ओरडाल म्हणून बोलले नाही."

मित्रांनो, लेक अजून वाट पाहते आहे. तुम्ही लहान आहात, सही करणे तुमचे काम नाही. पण आज जेवताना आईबाबांना एवढे विचारा: "तुम्ही अर्ज भरलाय का? आणि भरला असेल, तर आम्हाला का नाही सांगितलं?"