आतली कडी

मंचरच्या बाजारपेठेतल्या घरात हर्षा सून म्हणून आली, तेव्हापासून देवघराच्या दाराचं काशाचं सामान घासायचं काम तिच्याकडे होतं. दर शनिवारी ती चिंच चोळून बाहेरची मूठ आणि पट्टी उजळायची. आतल्या कडीकडे तिचं कधी लक्षच गेलं नाही.

अठ्ठ्याण्णव सालच्या त्या सकाळी तिचा नवरा कल्पेश मालासाठी पुण्याला गेला होता. सासूबाई, कस्तुरबाई, नेहमीप्रमाणे आतून कडी लावून पूजेला बसल्या. अर्ध्या तासाने आतून हाक आली.

"हर्षा, कडी सरकत नाही गं."

हर्षाने मूठ धरून ओढलं. सागवानी दार हललंसुद्धा नाही.

"जोर लावू नका, मम्मी. खाली बसा."

"बसलेच आहे. दम लागलाय."

दिवाळीत सासूबाईंना हार्टअ‍ॅटॅक येऊन गेला होता. ती धावत गोळी घेऊन आली आणि दाराखालच्या बोटभर फटीतून तिने ती आत सरकवली.

"घेतली का?"

आतून नुसता श्वास ऐकू येत होता, मध्येच अडकणारा.

"मम्मी?"

"घेतली."

शेजारचा हौशीराम सुतार हर्षाच्या हाका ऐकून पटाशी घेऊन आला. दाराला कान लावून तो हळूच म्हणाला, "वहिनी, दार फोडाय यील, पण आजी दाराला टेकून बसल्यात. घाव त्यांनाच लागंल."

"आजी, मागं सरकता का जरा?" त्याने मोठ्याने विचारलं.

"उठवत नाही रे."

"कडी हाताला लागती?"

"लागते."

त्याने खोबरेल तेलात चिंधी भिजवून फटीतून आत ढकलली. "दांड्याला चोळा आन थांबा. वढू नका, नुसता वरखाली हलवा."

हर्षा दाराशी बसून काहीबाही बोलत राहिली. भाजी कुठली करू, हरभऱ्याची डाळ भिजवू का. आतून हूं आलं की तिच्या जिवात जीव यायचा. मग आवाज थांबला. ती तोंडाला पदर लावून बसली, हौशीरामाकडे बघायचंही धाडस होईना. तेवढ्यात लोखंडावर नाणं घासावं तसा आवाज झाला, दार बाहेर उघडलं आणि सासूबाई तिच्या मांडीवर कलंडल्या. घामाने भिजल्या होत्या, पण शुद्धीवर होत्या.

डॉक्टर येऊन तपासून गेले. धोका टळला होता. हौशीरामाने कडी उतरवून दाखवली. दांडा हिरव्या पुटांनी जाम झाला होता.

"बाहेरनं चिंच लावता का?"

हर्षाने मान हलवली.

"स्क्रूच्या भोकातनं आंबट पाणी आत मुरलंय. वल्या फडक्यानं पुसा, कोरडं करा, वर जरा मेण लावा. काळपट रंग राहू द्या, लई टिकतं मग."

हर्षा रडायला लागली. "माझ्यामुळं झालं, मम्मी."

"रोज आत मी असते," कस्तुरबाई म्हणाल्या. "मला तरी कुठं दिसलं?"

त्यानंतर कितीतरी दिवस हर्षाला न्हाणीचं दारसुद्धा आतून लावायचा धीर होत नव्हता.