तीळ कुठल्या गालावर

गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली तेव्हा मी कात्री-कंगवा थोरल्याच्या हातात दिला. सगळा जन्म उभ्यानं गेला होता. लोक खुर्चीत, मी त्यांच्या पाठीमागे. गिऱ्हाईक नसलं की रद्दीच्या कागदावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं काढायचो, तेही भिंतीला टेकून उभ्यानंच. एका बातमीदारानं दाढी करून घेताना ती पाहिली, एक कागद घडी घालून नेला, आणि मला वर्तमानपत्राच्या कचेरीतून बोलावणं आलं.

संपादक जाड भिंगांचे, बारीक आवाजाचे गृहस्थ. खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट करून म्हणाले, "आमचे व्यंगचित्रकार लेकीकडे राहायला गेले. रविवारी नगराध्यक्षांवर चित्र द्या. जमलं तर खुर्ची तुमची. आजवर पाण्यानं केलीत, आता बिनपाण्यानं करा!"

मला ती खुर्ची हवी होती. घरात मी सुनेच्या पायात पायात यायला लागलो होतो. दुकानात गेलो की थोरला म्हणे, "बाबा, तुम्ही नुसते बसा हो." नुसतं कसं बसतात हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

नगराध्यक्ष नुसते वकील होते तेव्हा आमच्याच दुकानात यायचे. चेहरा तोंडपाठ होता, म्हणून फोटो मागितला नाही. खोदून ठेवलेल्या रस्त्यात ते गाढ झोपलेत, गळ्यापर्यंत डांबराचं पांघरूण, उशाला खडी, असं काढलं. पसरलेल्या कानांवर, गालावरच्या तिळावर मन लावून काम केलं. अक्षरं मला नातीबरोबर, तिच्याच पाटीवर आली, त्यामुळे लिहायला हात आखडता असतो. खाली एवढंच लिहिलं : "उठवू नका, काम चालू आहे."

रविवारी सकाळी बायकोनं पेपर उघडला. हसली, मग थांबली.

"अहो, ह्यांचा तीळ कधी हलला?"

"तीळ कसा हलेल?"

"पहिल्या पानावर बघा ना. फीत कापतायत तो फोटो. तीळ डाव्या गालावर. तुमच्या चित्रात उजव्या. आणि भांगही उलटा."

मी दोन्ही पानं शेजारी धरली. मग कसं सुचलं कोण जाणे, चित्र कपाटाच्या आरशासमोर धरलं. आरशात सगळं जागच्या जागी होतं.

दुकानात मी गिऱ्हाइकाच्या मागे उभा आणि समोर आरसा. बोलणं आरशात, हसणं आरशात. वस्तऱ्याखालच्या गालाकडे मी गाल म्हणून बघायचो, माणूस म्हणून बघायचो ते आरशात. गावातले सगळे चेहरे माझ्या डोक्यात उलटे भरले होते.

"आता?" मी विचारलं.

"आता काय, जा कचेरीत. तोंड लपवून तीळ परत जाणार आहे का?"

संपादक दारातच भेटले. "बरं झालं आलात. नगराध्यक्ष यायला निघालेत. फोनवर नुसतं म्हणाले, चित्र काढणारा हजर पाहिजे."

संपलं, म्हटलं. खुर्चीकडे बघायचंही टाळलं. नगराध्यक्ष पेपरची सुरळी हातात धरून आले तसे सगळे उठले. मी उभाच होतो.

"कुणी काढलं हे?"

"मी," म्हणालो.

त्यांनी मला निरखलं. "अरे! कोपऱ्यावरच्या दुकानातले ना तुम्ही? तुमच्या वस्तऱ्याखाली मान देऊन बसलोय मी!"

"साहेब, चूक झाली," मी सांगून टाकलं. "तीळ भलत्याच गालावर गेला. भांगही."

त्यांनी चित्र समोर धरलं आणि दुसरा हात आपल्या गालावर नेला. डाव्या. चित्रातला तीळ बरोबर त्या हातासमोर होता.

"बरोबर तर आहे! इतकी वर्षं तुमच्या पेपरात माझी चित्रं येतात. घरचे पोट धरून हसतात आणि मला प्रश्न पडतो, हा बाबा कोण? आज दात घासताना पान उघडलं आणि ब्रश हातातून पडला. रोज सकाळी आरशात मला भेटतो तो हाच!"

संपादकांनी चष्मा काढला, चित्र पाहिलं, नगराध्यक्षांना पाहिलं, आणि त्यांचं पोट हलायला लागलं. मग सगळी खोली हसली. मीही हसलो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"मूळ चित्र मला द्या, दिवाणखान्यात लावतो," नगराध्यक्ष म्हणाले. "रस्त्याचं मात्र साफ खोटं आहे हं."

"मग रस्ता कधी होतोय?" संपादकांनी विचारलं.

"होतोय की!" म्हणत ते निघाले ते थेट गाडीत.

ते गेल्यावर संपादक माझ्याकडे वळले. "हे बघा, ते खूश झाले हा त्यांचा भाग. वाचणारे त्यांना समोरून बघतात. पुढच्या वेळी तीळ जागेवर पाहिजे."

"पुढच्या वेळी?"

"मग? सकाळपासून दहा जण विचारून गेले, नवा माणूस कोण म्हणून. आणि असे उभे काय? बसा."

आता दुकानातला जुना हातातला आरसा माझ्या मेजावर असतो. चित्र झालं की त्यासमोर धरतो. आरशातलं तोंड ओळखीचं वाटलं तर कागदावरचं बरोबर. पण त्या क्षणी आरसा-बिरसा काही डोक्यात नव्हतं. मी खुर्ची ओढली, दोन्ही हात टेकवले आणि हळूच बसलो. गुडघे हुश्श म्हणाले. पाठीमागे कुणी उभं नव्हतं, समोर खिडकी होती, आणि खाली रस्त्यावरून माणसं समोरासमोर, सरळ तोंडानं येत होती.

मी पेन्सिल उचलली.