सतरा नंबरची कामगिरी

आमची कंपनी विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंग स्टेशनं चालवते आणि दर तिमाहीला तोटा जाहीर करते. जाहीर करायचं काम साहेबांचं, लिहायचं माझं. तोटा लिहिणं वाटतं तितकं सोपं नसतं. 'तोटा झाला' असं काय कुणीही लिहील, त्यासाठी मला पगार कशाला द्यायचा? मागे एकदा आमचा तोटा वाढला, पण आधीपेक्षा जरा हळू वाढला. मी लिहिलं, 'तोट्याचा वेग आटोक्यात.' साहेब इतके खूश झाले की पुढे ते वाक्य त्यांनी स्वतःचं म्हणून सगळीकडे वापरलं.  तसल्या वाक्यावर हक्क सांगायला मलाही लाजच वाटली असती.

या वेळी मात्र आमच्याकडे खरोखरची चांगली बातमी होती. सतरा नंबरचं स्टेशन. शहराच्या टोकाला, गोदामांच्या रांगेत, समोर टायरचं दुकान आणि मागे भिंत. तिथे चार्जिंगला कुणी का जावं, हे देवच जाणे. पण तिमाही संपायच्या आधीच ते बाकी सगळ्या स्टेशनांच्या पुढे निघून गेलं होतं. आमच्याकडे गाडीला वायर लावली की एक ग्राहक मोजला जातो. त्याने वीज किती घेतली ते नंतर येतं, बारीक अक्षरात. गुंतवणूकदारांना ग्राहक आवडतात. वीज काय, त्यांच्याही घरी असते.

"यावर एक जिवंत परिच्छेद हवा," साहेब म्हणाले. "स्वतः जाऊन बघून ये. लोक का येतात, काय म्हणतात. आणि तिथली ती बसायची खोली आहे ना, काचेची? ती पाडायचं चाललंय. एवढी गर्दी असेल तर त्या जागी आणखी दोन चार्जर बसतील. खोली काय कमावते?"

"काहीच नाही," मी म्हटलं. खरंच होतं ते.

"मग झालं तर. पुढची तिमाही अशीच गेली की पाडू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले, तेव्हा बाबा नेहमीप्रमाणे किल्ली घेऊन दारात उभे. "एक चक्कर मारून येतो," म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं हे सगळ्यात लांब वाक्य. बाबांनी आयुष्यभर शहराची बस चालवली. त्यांच्या डोक्यावर पाटी असायची, 'चालकाशी बोलू नये', आणि निवृत्त होताना ती त्यांनी बहुतेक घरी आणली. आई होती तोवर ते जाणवत नसे, कारण ती दोघांच्या वाटचं बोलायची. ती गेली आणि घर असं गप्प झालं की फ्रिज चालू झाला तरी मी दचकायचे. शेवटी कंपनीच्या सवलतीत मी त्यांना एक छोटी विजेची गाडी घेऊन दिली, म्हटलं, जरा बाहेर तरी पडतील. बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "ठीक." हे आभार होते, असं मी धरून चालते.

सतरा नंबरला पोचले तर चार गाड्या उभ्या, त्यातल्या एकीला वायर लावलेली. काचेच्या खोलीत दिवा होता. आत एक म्हातारा खुर्चीत बसून दोन्ही हातांनी हवेतलं स्टिअरिंग गरागरा फिरवत कसलीशी गोष्ट सांगत होता आणि बाकीचे तिघं हसून हसून खाली पडायचे राहिले होते. बाबांसारखाच दिसतो की हा माणूस, असं मला वाटलं. मग मी स्वेटर ओळखला. तो मीच धुते.

दार ढकललं, उघडेना. आतल्या एकाने, ज्याच्या गळ्यात शिट्टी होती, उठून उघडलं आणि म्हणाला, "वायर लावल्याशिवाय नाही उघडत, ताई. या, या. आत्ता डॉक्टरीणबाईंची पाळी चालू आहे."

बाबांचे हात हवेतल्या हवेत थांबले.

"तू?" ते म्हणाले.

"मी."

"बरं," ते म्हणाले, आणि झाली गोष्ट बंद.

बाकीच्यांनी मात्र मला सगळं हौसेने समजावून दिलं. शिट्टीवाला जुना फुटबॉलचा रेफरी. डॉक्टरीणबाई दातांच्या, आता दवाखाना बंद केलेल्या. तिसरे बूटवाले, दुकान मुलाच्या हवाली करून मोकळे झालेले. खोलीचं कुलूप चार्जरला जोडलेलं. वायर लागली की दार एकदा उघडतं, नंतर फक्त आतून, चार्जिंग संपलं की यंत्रातली बाई सांगते, 'कृपया खोली रिकामी करा', आणि दिवा जातो. मग दुसऱ्याने उठून आपली गाडी लावायची. एकट्याने दिवसभर गाडी लावून ठेवायला हरकत नव्हती, पण दुसऱ्याच्या विजेवर फुकट बसणं चौघांनाही पटेना. प्रत्येकाला आपली पाळी हवी. त्यावरून भांडणं होऊ लागली, म्हणून रेफरीने शिट्टी आणली. आणि बॅटरी आधीच भरलेली असेल तर ज्याची पाळी तो गोदामांभोवती हीटर लावून घिरट्या घालतो, थोडी वीज संपवून येतो आणि मानाने परत वायर लावतो.

"म्हणजे आमचे सतरा नंबरचे सगळे ग्राहक ते तुम्ही चौघं?" मी विचारलं.

"छे, छे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कधी कधी टायरवालापण येतो."

परतताना मी बाबांच्या गाडीत बसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. "घरी तोंडाला कुलूप, आणि इथे नकला? मी काय घोडं मारलंय तुमचं?" खरं सांगायचं तर रागापेक्षा हेवा जास्त होता. तो दातांच्या डॉक्टरणीचाही होता आणि शिट्टीवाल्याचाही.

बाबांनी सिग्नल दिला, गाडी वळवली. मग म्हणाले, "घरी तुझी आई बोलायची. मी हं म्हणायचो. आता हं कशाला म्हणू?"

 मग मी, जे सांगायला नको होतं, ते सांगून टाकलं. तुमच्यामुळे स्टेशनचं नाव झालंय, आणि नाव झालंय म्हणून ती खोली पाडणार आहेत. तिथे आणखी दोन चार्जर येतील.

"चार्जरमध्ये बसता येत नाही," बाबा म्हणाले.

"नाही."

साहेबांना मी खरं काय ते तोंडावर सांगितलं. "साहेब, तिथे गर्दी नाहीये. ते चौघंच आहेत. गप्पा मारायला येतात."

साहेबांनी विचार केला. "चार निष्ठावान ग्राहक," ते म्हणाले. मग आणखी विचार केला. "नको, 'निष्ठावान ग्राहकवर्ग' लिही. चार कशाला सांगत बसायचं?"

निकाल जाहीर झाले. तोटा होता तो होताच, पण निष्ठावान ग्राहकवर्गाबद्दल एका गुंतवणूकदाराने साहेबांचं अभिनंदन केलं. खोली पाडायच्या कामाला ठेकेदाराकडून भावही मागवले गेले.

इकडे बाबांनी खोलीची बातमी त्या तिघांना सांगितली होती, आणि चौघांनी मिळून शहाणपणा केला होता. वायर लावणंच बंद. गर्दी दिसली नाही की खोली वाचेल, असा साधा हिशोब. दार उघडेना, तर चौघं आपापल्या गाडीत बसून, काचा खाली करून, एकमेकांशी ओरडून बोलायचे. दिवस थंडीचे होते. रेफरी खोकायला लागला, बूटवाल्यांचा आवाज बसला. बाबा संध्याकाळी घरी येऊन मुकाट्याने गरम पाण्यात पाय बुडवून बसायचे आणि मला काही कळायचं नाही.

कळलं ते ऑफिसात. सतरा नंबर असा आपटला होता की साहेबांनी मला बोलावून घेतलं. "अभिनंदन झालेलं स्टेशन आहे ते! असं कसं पडलं? आणखी थोडं बघू, नाहीतर स्टेशनच बंद करून टाकू. जागेचं भाडं तरी वाचेल."

 त्या दिवशी जेवताना मी ताटावरून मान वर केली.

"बाबा, वायर लावा."

"आं?"

"लावा, पण जपून. जास्त वेळा लावलीत तर खोली पाडतील, कमी वेळा लावलीत तर सगळं स्टेशनच उचलतील. साहेबांच्या डोळ्यांत भरायचं नाही आणि खुपायचंही नाही. समजलं?"

बाबांनी घास खाली ठेवला. "बसमध्ये बिनतिकिटाची माणसं अशीच बसतात," ते म्हणाले. "पहिल्या सीटवर नाही आणि शेवटच्याही नाही. मधे, खिडकीशी, छत्री मांडीवर घेऊन."

आमच्या घरात त्यांच्या तोंडून एवढं मी कधी ऐकलं नव्हतं. मला पुन्हा वाढून घ्यायचंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. मी ऑफिसात इतर स्टेशनांचे आकडे बघायचे, मधला कुठला ते ठरवायचे आणि घरी यायचे. जेवायला बसलं की बाबा विचारायचे, "उद्या किती वेळा?"

"पाच."

"डॉक्टरीणबाई सहा म्हणत होत्या."

"पाच, बाबा."

"बरं. पाच."

पाच वेळांत दिवस काढायचा म्हणजे एकाने गाडी बराच वेळ लावून ठेवायची आणि बाकीच्यांनी त्याच्या विजेवर बसायचं. ते त्यांना फार जड गेलं. बूटवाल्यांना तर इतकं लागलं की त्यांनी भरपाई म्हणून सगळ्यांना मोजे वाटले. एक जोड माझ्यासाठीही आला. "तुझ्या मापाचे आहेत का बघ," बाबा म्हणाले. आकड्याच्या मागून अशी एखादी गोष्ट निसटून यायची. रेफरी आपल्याच मुलाला मैदानाबाहेर काढायचा, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरीणबाई स्वतःचे दात दाखवायला भितात, हेही. मी हसले की बाबा लगेच गप्प होऊन ताटाकडे बघायचे, पण दुसऱ्या दिवशी विचारायचेच, "उद्या किती वेळा?" दुपारी चहा पिताना मी आकडा ठरवत बसायचे आणि मनात यायचं, आज सहा सांगू, म्हणजे ते का म्हणून विचारतील.

तिमाही संपली. साहेबांनी भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्या स्टेशनांचे आकडे लावले आणि एकेक बघत खाली आले.

"सतरा. वाढलं?"

"नाही, साहेब."

"पडलं?"

"नाही. ठीकठाक आहे."

"मग याचं करायचं काय?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

साहेबांना जांभई आली. "त्या ठेकेदाराला नको म्हणून कळव. आणि अहवालातूनही काढून टाक हे सतरा नंबर. सांगण्यासारखं काहीच नाही त्यात. पुढचं."

मला टेबलावर चढून नाचावंसं वाटलं. मी पाणी प्यायले. मग आमच्या नेहमीच्या कागदावर सही केली. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होईपर्यंत कंपनीत 'शांत काळ' असतो. आकड्यांबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही, घरच्यांशी तर नाहीच नाही. इतकी वर्षं मी डोळे झाकून सही करत आले. आमच्या घरात शांत काळ मोडायची भीतीच नव्हती.

सही करून लिफ्टमध्ये शिरले आणि एकदम उमगलं. खोली वाचली. आता सतरा नंबरकडे कुणी बघणार नाही. म्हणजे आता बाबांना माझा आकडा लागणार नाही. माझा सगळा आनंद खालच्या मजल्यावर पोचेपर्यंत उतरला होता.

घरी आम्ही जेवायला बसलो.

"उद्या किती वेळा?" बाबांनी विचारलं.

"कितीही वेळा. खोली राहतेय, बाबा. कुणी हात लावत नाही तिला."

"नक्की?"

"नक्की. रेफरींना सांगा, पुन्हा शिट्टी काढा म्हणावं."

बाबांनी डोळे मिटले आणि उघडले. त्यांच्या मानाने हा जल्लोष होता.

"आणि आजपासून आकड्यांचं काही बोलता यायचं नाही," मी म्हटलं. "कंपनीचा नियम आहे."

"बरं," बाबा म्हणाले.

ते जेवू लागले. मीही जेवू लागले. फ्रिज चालू झाला. झालं, मी मनात म्हटलं, लागली परत पाटी डोक्यावर. मला रडू येत होतं आणि त्याचाच राग येत होता, म्हणून मी जरा जास्तच आवाज करत ताटं गोळा करायला उठले.

"बस जरा," बाबा म्हणाले.

मी बसले. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, न पिताच परत ठेवला, आणि फडताळाकडे बघत म्हणाले, "मग दुसरं काहीतरी बोल. मी हं म्हणतो."

हातातलं ताट मी खाली ठेवलं. मग मी साहेबांच्या जांभईपासून सुरुवात केली.

"हं," बाबा म्हणाले.