दोन नावांची एक ओळ

जूनमध्ये आलेल्या एका पत्राला गोकुळदास मास्तरांनी उत्तर दिलं नाही, ते नाहीच. पत्र शब्दकोशात ‘प’च्या पानांत दडवलं होतं, आणि कोश उघडायची वेळ आली की मास्तर ‘प’ टाळत.

चूक तशी त्यांचीच. हळर्णच्या शाळेत संगणक शिकवताना, अठरा वर्षांपूर्वी, त्यांनी एक छोटा मॅपर लिहिला होता. प्रोग्रॅममधला विद्यार्थी म्हणजे नाव, इयत्ता, गाव यांचं गाठोडं. डेटाबेसमध्ये त्याची तक्त्यातली एक ओळ व्हायची. गाठोडं सोडून ओळ मांडायची आणि ओळ उचलून पुन्हा गाठोडं बांधायचं, एवढंच मॅपरचं काम. एका माजी विद्यार्थ्याने तो इंटरनेटवर चढवला. पुस्तकावर प्रकाशकाचा पत्ता असतो, तसा मास्तरांनी फाइलच्या माथ्यावर आपला घातला: चूक आढळल्यास मु. पो. हळर्ण, तालुका पेडणे येथे कळवावे. इतरांनी तो वापरायला हरकत नाही, असा परवाना मात्र घालायचा राहिला.

इतक्या वर्षांत त्या पत्त्यावर आलेलं हे पहिलंच पत्र. आमोण्याची समीक्षा, इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला. सुट्टीतल्या मुक्तस्रोत प्रकल्पासाठी तिने एकच काम करणारे तीन मॅपर जोडून एक करायचं पत्करलं होतं. दोघा लेखकांचे परवाने होते; तिसरे मास्तर. त्यांच्या लेखी परवानगीवाचून त्यांचं अक्षरही घेता येत नव्हतं.

एवढी हुशार मुलगी आपलं गबाळं उघडून बघणार, या कल्पनेनेच मास्तरांना घाम फुटला. उत्तराचे चार मसुदे केले आणि चारही फाडले.

ऑगस्टातल्या एका सोमवारी समीक्षा स्वतःच दारात उभी राहिली. मास्तर नमस्कार करून जे आत गेले, ते कपाटच पुसायला लागले.

“तीन बसगाडये बदलून चेडू इला,” त्यांची बायको देवकी म्हणाली, “आणि तुमी पुस्तकांची धूळ काढतास? भायर येवा.”

मास्तर बाहेर येऊन खुर्चीच्या कडेवर टेकले.

“सर, पत्राचा राग आला का?”

“छे. बाय, ते माझं गबाळं टाकून दे गो. त्यात ते नावांचं प्रकरण तर फारच वेडगळ.”

“मी नावांसाठीच आलेय, सर.”

प्रकरण असं होतं. लग्न झालेल्या मुली शाळेत दाखला मागायला येत, आणि इकडे लग्नात मुलीचं नावच बदलतात. संगणक एकीच्या दोघी करून ठेवी. म्हणून मास्तरांनी एका ओळीला दोन्ही नावं लक्षात ठेवायला शिकवलं होतं.

“तिन्ही मॅपरची कामं तीच, पण प्रत्येकात त्यांना नावं वेगळी,” समीक्षा लॅपटॉप उघडत म्हणाली. “मी नवं नाव दिलं की जुनं वापरणाऱ्यांचे प्रोग्रॅम मोडतात. तुमचा भाग जोडला की जुन्या नावाने हाक मारली तरी ओ मिळते.”

“म्हणजे माझ्यासारखा,” देवकी म्हणाली. “आमोण्याक म्हायेराक गेलंय की अजून यशोदा म्हणून हाक मारतत. हेंका भायरचा काय सुचूचा नाय. घरातलाच बघून लिवल्यानी.”

मास्तरांचे कान लाल झाले. खोटं नव्हतं ते.

समीक्षाने चाचण्या चालवल्या. मास्तरांच्या भागाशिवाय तेवीस लाल, म्हणजे फसलेल्या. त्याच्यासकट सगळ्या हिरव्या. मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा चालवायला सांगितल्या.

“हे तूच का लिहीत नाहीस?”

“लिहून पाहिलं. पण तुमचं वाचल्यावर माझंही तसंच होतंय, आणि ती चोरीच की. शनिवारी जमा करायचंय. परवानगी नसेल तर हे सगळं काढावं लागेल, आणि प्रकल्प नापास. आत्ता दोन ओळी द्याल?”

“समोर कोणी असलं की मला लिहवत नाही.”

“लग्नाआधी हेंनी माका पत्र धाडलेला,” देवकी म्हणाली. “आत कोरो कागद. वर पत्तो मात्र कसो, मोत्यासारखो.”

समीक्षा इतकी हसली की मास्तरही हसले. देवकीने दिलेली, चहात बुडवून खायची कडक कांकणं पिशवीत घालून ती दुपारच्या बसने गेली. उत्तर घेऊन मात्र नाही.

त्याच संध्याकाळी पाचवा मसुदा उतरला. ‘माझा मॅपर कोणीही वापरावा, बदलावा, वाटावा. कोणाला हसायचे असल्यास हसावे. ता. क. एकशेबाराव्या ओळीत एक चूक आहे. ती मला तेव्हापासून ठाऊक आहे. कृपया दुरुस्त करावी.’ खाली सही. साक्षीदार म्हणून देवकीने सही केली, आणि क्षणभर थांबून तिच्याखाली दुसरीही: यशोदा.

मंगळवारी पोस्ट उघडायच्या आधीच मास्तर पायरीवर हजर होते. पाकीट खिडकीतून आत सरकवताना त्यांनी ते एकदा मागे ओढलं, पत्ता वाचला, पिनकोड वाचला, आणि सोडलं. आतल्या बाईंनी स्पीड पोस्टचा शिक्का हाणला.